गार पाण्याच्या नळाची मूठ

एल्क फोर्क, मिनेसोटा
११ मार्च १९८४

रॅग्ना,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. साडेएकवीस वर्षांनी बापाचं पत्र यावं आणि त्यातला पहिलाच शब्द तुला खोटा वाटावा, हे मला नको. पत्ता थोराने दिला. तुझ्या मावशीच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असून तू तिला पत्ता दिलास, तेव्हा थोडा दोष तुझाही आहे.

घाबरू नकोस, मी मरायला टेकलेलो नाही. मे अखेर कॉलेजातून निवृत्त होतोय. चौतीस वर्षं होणाऱ्या नर्सना ग्रंथी, मूत्रपिंडं आणि आतडी शिकवली. या गावात ज्याला कोणाला कधी इंजेक्शन टोचलं गेलं, ते टोचणारीला मी एकदा तरी नापास केलेलं आहे. लिहायचं कारण वेगळं. गेल्या मंगळवारी वर्गात एक प्रकार घडला आणि तो मला कोणाला तरी सांगायचा आहे.

मार्चात आमचा पाण्याचा प्रयोग असतो. मी घरी जेवताना त्याबद्दल बोलायला लागलो की तुझी आई म्हणायची, "आर्विड, सूपही पिवळंच आहे, विषय बदल." वर्गाचे तीन गट. एक गट लिटरभर साधं पाणी पितो, दुसरा मिठाचं, तिसरा सकाळपासून कोरडा. मग दर अर्ध्या तासाला प्रत्येकीने मोजपात्र घेऊन आत जायचं, बाहेर येऊन आकडा फळ्यावर लिहायचा. शिवाय लघवीत काचेची तरंगती नळी सोडायची. लघवी दाट असेल तर नळी वर राहते, पातळ असेल तर बुडते. पहिल्या फेरीला पोरी खिदळतात, दुसऱ्या फेरीला आकड्यांवरून भांडतात. प्रयोग कधीही चुकत नाही.

लॉरेन पेल्के नावाची एक विद्यार्थिनी आहे. एकतीस वर्षांची, आधी शाळेची बस चालवायची. कायम काखेत पाण्याचा थर्मास. ती कोरड्या गटात आली. म्हणाली, "सर, मला पाण्याच्या गटात टाका ना." मी म्हटलं, "पेल्के, ही चर्चची सहल नाही, आवडीचं टेबल निवडायला."

पहिल्या अर्ध्या तासात तिने चारशे मिलिलिटर आणले. नळी तळाला गेली. कोरड्या गटातल्या बाकीच्या बायकांचं जेमतेम वीस-पंचवीस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चोरून पाणी पिणाऱ्याने निदान खोटं तरी नीट बोलावं."

"देवाशपथ सर, थेंबसुद्धा नाही प्यायले."

"पाणी खोटं बोलत नाही पेल्के, माणसं बोलतात."

हे वाक्य तुझ्या ओळखीचं आहे. तुझ्यासाठीच तयार केलं होतं.

मी तिला माझ्या टेबलासमोर खुर्ची दिली आणि तिथून हलू दिलं नाही. पुढच्या अर्ध्या तासाला पुन्हा चारशे, त्यापुढच्याला तीनशे ऐंशी. नळी तळालाच. दोन तासांत तिचं वजन साडेतीन पौंडांनी उतरलं. ती ओठ चाटत होती. टेबलावर कोणीतरी ठेवलेल्या फुलांची बरणी होती, तिच्याकडे एकटक बघत होती. फुलांकडे नाही, त्यातल्या पाण्याकडे. ते पाहिलं आणि मी प्रयोग थांबवला, तिला हवं तितकं पाणी पिऊ दिलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

एवढंच. तलाव अजून गोठलेलाच आहे. तुझी प्रकृती बरी असेल अशी आशा.

आर्विड नायगार्ड


२५ मार्च १९८४

रॅग्ना,

पत्र परत आलं. पाकिटावर 'स्वीकारलं नाही, परत पाठवा' हे तुझ्याच अक्षरात. 'प' अजून तसाच काढतेस, मागे रेललेला. उघडलंही नाहीस. ठीक आहे. मीही हट्टी आहे, तू ते कोणाकडून घेतलंस?

लॉरेनचा निकाल आला. तिला बिनसाखरेचा मधुमेह आहे. नाव मधुमेहाचं, पण साखरेशी काही संबंध नाही. चार वर्षांपूर्वी तिची गाडी झाडावर आदळली होती, तेव्हा डोक्याला मार लागून मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी दुखावली. आता तिच्या नाकात औषधाचे थेंब सोडतात. पहिल्याच रात्री ती सलग आठ तास झोपली. सकाळी वर्गात येऊन म्हणाली, "सर, चार वर्षं मला वाटत होतं, माझी जीभच हावरट आहे."

मी तिची माफी मागितली. वर्गासमोर मागितली, कारण अपमान वर्गासमोर केला होता. मागच्या बाकावर कोणीतरी पेन्सिल खाली पाडली.

आता तुला दोन मिनिटं शिकवतो, सहन कर. मूत्रपिंडं दिवसाला पावणेदोनशे लिटर पाणी गाळतात आणि दीड लिटर सोडून सगळं रक्तात परत घेतात. 'परत घ्या' हा निरोप त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीकडून येतो. निरोप आलाच नाही तर पाणी वाहून जातं, दिवसाला आठ, दहा, बारा लिटर. मग तहान लागते. ती तहान हावरी नसते, ती जीव वाचवत असते.

हे मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. दर वसंतात. डाव्या हाताला ग्रंथी, उजव्या हाताला मूत्रपिंड, मधे बाण. आणि फळा पुसून घरी आलो की संध्याकाळी सहा वाजता न्हाणीघरातल्या गार नळाची मूठ स्क्रू सोडवून काढायचो, गरम नळ खालून बंद करायचो आणि मूठ कोटाच्या खिशात टाकायचो. तू सहा वर्षांची होतीस आणि रोज अंथरूण ओलं करत होतीस. खाली स्वयंपाकघरात मी पेपर तपासत बसलेला असायचो, म्हणजे तोही नळ बंदच. मी तुला म्हणायचो, पितेस म्हणून होते. पिऊ नको, होणार नाही. आत जाईल तेवढंच बाहेर येईल, साधं गणित.

गणित बरोबर होतं. फक्त उलटं मांडलं होतं. पितेस म्हणून होत नव्हतं. होत होतं, म्हणून पीत होतीस.

हिवाळ्यात तू खिडकी उघडून कठड्यावरचा बर्फ खायचीस. मी खिडकी खिळे ठोकून बंद केली. तो आवाज मला या आठवड्यात दोनदा आठवला.

तुझ्या आजोळी सगळेच पाणी पिणारे. लॉकेन मंडळी चर्चच्या सहलीला आली की लोक ओरडायचे, "लेमोनेडची बादली लपवा रे!" आणि तुझे आजोबा छाती पुढे काढून सांगायचे, आमच्या विहिरीचं पाणीच तसं आहे, सोडवत नाही. तुझी आईही उशाशी दोन मोठ्या बरण्या ठेवून झोपायची. मला वाटलं, घरोघरची एकेक खोड असते. आमच्याकडे नायगार्डांना नाकात बोलायची, लॉकेनांना पाणी प्यायची. लग्नानंतर तुझ्या आईची साखर तपासली होती. डॉक्टर म्हणाले, साखर नाही, ठणठणीत आहे. मीही समाधानाने मान डोलावली.

आणखी एक. तुझी आई गेल्यावर तिच्या शिवणाच्या टोपलीत लोकरीखाली मला एक पक्कड सापडली. मग मी न्हाणीघरात जाऊन नळाचा दांडा पाहिला. त्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते, जुन्यावर नवे. म्हणजे इतकी वर्षं ती मी खाली बसलेला असताना वर नळ फिरवून तुला पाणी देत होती आणि सकाळी माझं भाषण ऐकून घेत होती. तुला हे अर्थातच माहीत आहे. मलाच शेवटी कळलं.

तू बारा वर्षांची झालीस, आपणहून उठायला लागलीस, अंथरूण कोरडं राहायला लागलं. तरी मी मूठ रोज काढतच राहिलो. घरात नियम होता म्हणून होता.

हेही परत येईल. हरकत नाही, पोस्टाचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आ. ना.


८ एप्रिल १९८४

रॅग्ना,

दुसरंही परत आलं. पण आता प्रश्न तुझ्या-माझ्या रागाचा उरलेला नाही, म्हणून हे पत्र वाच. वाचणार नाहीस हे कळतं, तरी लिहितो.

परवा थोराचा फोन आला. तिला लॉरेनची गोष्ट मी सांगितली होती. ती म्हणाली, "आर्विड, एक विचारू? रॅग्नाची ब्रिटाही तशीच आहे रे. नाताळात गेले होते तेव्हा पोरगी कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी पीत होती. मी ओरडले तर रॅग्ना म्हणते, राहू दे मावशी, लॉकेनांचं रक्त आहे. स्वतः गाडीत दोन गॅलनचे कॅन टाकल्याशिवाय गावात जात नाही."

"आणि हे तू मला एप्रिलात सांगतेस?"

"तू बावीस वर्षांत तिचं नाव काढलं होतंस का? माणूस आहेस का खडू आहेस तू?"

मग तिने खरी बातमी सांगितली. चोवीस तारखेला, मंगळवारी, ब्रिटाचे टॉन्सिल काढायचे आहेत. आदल्या संध्याकाळपासून काही खायचं-प्यायचं नाही.

सहा वर्षांच्या निरोगी मुलीला हे काहीच नाही. ब्रिटाला हे जिवावरचं आहे. तिचं पाणी वाहतच राहणार, प्यायला बंदी, आणि वरून शिरेतून मिठाचं पाणी देतील. रक्तातलं सोडियम चढत जाईल. आधी चिडचिड, मग गुंगी. भूल उतरतेय असंच सगळ्यांना वाटेल.

मी तुला फोन केला. एक पुरुष बोलला, तुझा नवरा असावा. मी नाव सांगितलं. मागून तुझा आवाज आला, "राँग नंबर आहे म्हणावं." आवाज अगदी आईसारखा झालाय. थोराला करायला लावला, तर तिने निरोपाचा पार चिवडा केला. तू तिला म्हणालीस, "मावशी, पपांनी तुला पढवलंय. पाणी तोडण्यातलं त्यांना काय कळतं ते मला ठाऊक आहे. डॉक्टर सांगतील तसं करू." दवाखान्यात फोन केला, तर बाई म्हणाल्या, "आपण मुलीचे पालक का? नाही ना? मग आईला फोन करायला सांगा." चूक त्यांची नाही, मीही माझ्या नर्सना हेच शिकवलं असतं.

आता ते सांगतो जे मी आधीच्या दोन्ही पत्रांत टाळलं.

लॉरेननंतर मी तुझ्या आईच्या आजारपणाचे कागद मागवले. त्या इस्पितळात कागद सांभाळणारी बाई माझी जुनी विद्यार्थिनी, तिने तळघरातून शोधून काढले. बुधवारी हातात आले. ऑक्टोबर १९६२, पित्ताशयाची शस्त्रक्रिया. साधी, रोज होणारी. पोट शिवलं, तीन दिवस तोंडाने काही नाही, शिरेतून मिठाच्या पाण्याच्या बाटल्या. पहिल्या दिवशी नर्सने लिहिलंय, 'लघवी भरपूर, नऊ लिटर, रंग पाण्यासारखा.' खाली डॉक्टरांची खूण. मला लघवीची ती बाटली आठवते. मी ती उजेडात धरून म्हटलं होतं, "मूत्रपिंडं झकास चालली आहेत, बोर्गहिल्ड." मी खूश झालो होतो, रॅग्ना. ती माझ्या डोळ्यांदेखत वाहून जात होती आणि मी तिला शाबासकी देत होतो.

ती म्हणत होती, "आर्विड, एक घोट. एकच." मी म्हणत होतो, "शिरेतून जातंय ना, तहान नुसती तोंडाची आहे, मनावर घेऊ नकोस." तिसऱ्या दिवशी सोडियम मोजलंय. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे चाळीस असायला हवं. आकडा कागदावर स्पष्ट आहे, त्याभोवती कोणी साधी खूणही केलेली नाही. मृत्यूचं कारण लिहिलंय, 'ताप व मेंदूची सूज.' मी तेच तुला सांगितलं, पाद्रीबुवांना सांगितलं, थोराला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू शाळेतून थेट तिथे आलीस. सतरा वर्षांची, डोक्याला लाल स्कार्फ. कागदी पेल्यात कुटलेला बर्फ घेऊन आली होतीस. कुठून मिळवलास कोण जाणे. तू म्हणालीस, "पपा, तिला हे हवंय. तिला नेहमीच हवं असतं, तुम्हाला माहितीय." मी तुझ्या हातातून पेला घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. वर म्हणालो, "दोघांपैकी शरीरशास्त्र मी शिकवतो." आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

मातीनंतर चौथ्या दिवशी तू बसने गेलीस. मी लोकांना सांगितलं, मुलगी दुःखाने सैरभैर झाली.

आज मला त्या पेल्याची लाज वाटते. आणि भीती वाटते. चोवीस तारखेला सोळा दिवस आहेत.

पपा


११ एप्रिल १९८४
पोस्टकार्ड

रॅग्ना, हे कार्ड आहे. पाकीट न उघडता परत करता येतं, कार्ड हातात घेतलं की वाचलं जातंच.

ब्रिटाच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे दाखव: मुलीला, तिच्या आईला, आजीला कायमची अतोनात तहान व पाण्यासारखी लघवी. साखर नाही. घराण्यात चालत आलेला बिनसाखरेचा मधुमेह असावा. शस्त्रक्रियेआधी रक्तातलं सोडियम व लघवीची घनता मोजा. पाणी तोडू नका. नुसतं मिठाचं पाणी शिरेतून देऊ नका. आजी १९६२ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी गेली, सोडियम १७४.

पाणी तोडू देऊ नकोस. मी चुकलो होतो.

पपा


१४ एप्रिल १९८४
पोस्टकार्ड

तोच मजकूर चौथ्यांदा पाठवतोय. रोज एक टाकतो, एखादं तरी पोचेल. पोस्टातली आल्मा काल तिसरं कार्ड घेताना म्हणाली, "आर्विड, इथल्या सगळ्यांचं मूत्रपिंड आता तोंडपाठ झालंय, परीक्षा कधी घेतोस?" मी म्हटलं, मंगळवारी चोवीस तारखेला. तिने शिक्का मारायचा थांबवला, कार्ड पुन्हा वाचलं आणि ते ढिगात न टाकता वेगळं काढून पश्चिमेच्या पिशवीत वरच ठेवलं.

डॉक्टरांचं पुन्हा लिहितो: सोडियम. लघवीची घनता. पाणी तोडू नका.

पपा


१३ मे १९८४

रॅग्ना,

तुझं कार्ड काल आलं. आल्माने खिडकीतून हात बाहेर काढून ते हलवलं आणि ओरडली, "आर्विड, पोरगी पास झाली!" म्हणजे तिने माझ्याआधी वाचलं. मी रागावणार होतो, पण तिचे डोळे भरले होते, मग राहू दिलं.

तू नऊ ओळी लिहिल्या आहेस. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता पाठ आहेत. पहिली तीन कार्डं तू फाडलीस. चौथं तुझ्या नवऱ्याच्या हाती लागलं, त्याने ते फ्रिजवर लावलं. मंगळवारी सकाळी इस्पितळात जाताना ते तू खिशात घातलंस. का, ते लिहिलेलं नाहीस. तोवर ब्रिटाचं पाणी तुटून अकरा तास झाले होते आणि ती गाडीच्या काचेवरचं दव चाटत होती. भूल देणाऱ्या बाईंनी कार्ड वाचलं, विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" तू म्हणालीस, "एका शिक्षकाने." त्यांनी लगेच रक्त घेतलं. सोडियम एकशे छप्पन्न. शस्त्रक्रिया रद्द, पोरीला आधी पाणी. पुढच्या आठवड्यात तपासण्या, मग तुम्हा दोघींना नाकातले थेंब. टॉन्सिल आता जूनमध्ये, सगळी तयारी करून.

'एका शिक्षकाने' चालेल. त्या दिवशी तेवढंच खरं होतं.

ब्रिटा रात्रभर झोपली आणि सकाळी अंथरूण कोरडं होतं, असं लिहिलंस. तू स्वतःही झोपलीस. एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. मी हे वाक्य वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभा होतो. खाली बसलो आणि रडलो. शरीरशास्त्रात अश्रूंच्या ग्रंथी मी एका तासात उरकतो, त्यांच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

थेंब वेळेवर घे, पण डॉक्टर सांगतील त्याहून जास्त नको, आणि थेंब घेतल्यावर जुन्या सवयीने गॅलनभर पिऊ नकोस. निरोप पोचायला लागला की पाणी आत राहतं, मग उलटा त्रास होतो. बघ, पुन्हा तुला पाणी कमी पी म्हणतोय. पण या खेपेला तहानेला विचारून पी. लागली तरच, आणि लागली तर नक्की.

थोरालाही मी तपासून घ्यायला लावलं. तिच्यात नाही. हे आई-बापाकडून निम्म्या मुलांना येतं, निम्म्यांना नाही. ती म्हणाली, "म्हणजे बोर्गहिल्डला आलं आणि मला नाही? लहानपणी तिचं पाणी तर मीच विहिरीतून शेंदून आणायचे."

तुझ्या शेवटच्या दोन ओळी. 'परत केलेली पत्रं ठेवली असतील तर पाठवा. नळाची मूठ अजून आहे का? असेल तर तीही पाठवा.'

पत्रं ठेवली आहेत. तिन्ही या खोक्यात आहेत, न उघडलेली, तुझ्या अक्षरासकट. तिसऱ्यात आईबद्दल आहे. ते बसून वाच आणि नवरा घरात असताना वाच.

मूठ आहे. माझ्या टेबलाच्या खणात होती. तू गेल्यानंतर मी ती पुन्हा बसवली नाही. बसवली असती तर मान्य करावं लागलं असतं की ती काढायला नको होती. तेव्हापासून तो नळ मी आईच्या पकडीने फिरवतो. रोज सकाळी दाढीच्या वेळी. पाहुणे विचारतात, आर्विड, नवीन नळ का बसवत नाहीस? मी म्हणतो, सवड होत नाही.

तू मूठ का मागितलीस ते मी विचारणार नाही. तलावात फेक, हातोड्याने ठेच, ब्रिटाला दाखव. ती तुझी आहे. लहान आहे, पितळेची, मधे गार पाण्याचं अक्षर पुसट झालंय. तुझ्या आठवणीत मोठी असेल, त्या वयात सगळंच मोठं दिसतं.

आणि हे मी कागदावर लिहून देतो, म्हणजे ते तुझ्याजवळ राहील. तू आणलेला बर्फ बरोबर होता. त्या खोलीत आईला काय हवंय हे तुला कळत होतं, मला कळत नव्हतं. तिला तो पेला मिळाला असता, आणि त्यानंतर आणखी मिळाले असते, तर कदाचित ती जगली असती. माझी विद्या मधे आली.

तीस तारखेला माझा शेवटचा तास आहे. विषय मूत्रपिंड. लॉरेन म्हणाली, "सर, फळ्यावर बाण मी काढते." मी हो म्हटलं.

मूठ पाठवल्यावर इकडचं काही अडत नाही, पकडीची सवय आहे. मात्र तिचा स्क्रू मी ठेवून घेतलाय. चुकून नाही. तो लांबीला वेगळा आहे, दुकानात मिळणार नाही, आणि त्याच्याशिवाय मूठ कुठल्याच नळाला बसत नाही. कधी इकडे आलीस तर मूठ बरोबर आण. स्क्रू साबणाच्या वाटीत ठेवलाय, नळाशेजारी.

पपा